अप्पांचा नंबरचा डाव

माझे सासरे, अप्पा, मला कधी तोडून बोललेले नाहीत. जावयाला बोलायचं नाही, हा त्यांच्या घरचा नियम, आणि करकंबच्या टपाल ऑफिसात सगळी नोकरी काढलेला माणूस नियम मोडत नाही. त्यामुळे मी त्यांना फसवलं तेव्हाही ते मला एक शब्द बोलले नाहीत. बोलले असते तर मी सुटलो असतो.

सासूबाई गेल्यावर ते सोलापूरला आमच्याकडे राहायला आले. लेकीच्या घरी कायमचं राहणं त्यांना मनातून पटलेलं नव्हतं. येताना दोन जोड धोतर, एक आरामखुर्ची आणि त्यांचा जुना कॉम्प्युटर, एवढंच त्यांनी टेम्पोत चढवलं. कॉम्प्युटर कशाला, असं मी विचारलं तेव्हा बायको म्हणाली, "अहो, त्याच्यातच तर त्यांचं करकंब आहे."

ते करकंब म्हणजे पत्त्यांचा एक डाव. जुन्या सिस्टिमबरोबर फुकट यायचा तो. एकट्यानं खेळायचा, सगळे बावन्न पत्ते आठ रांगांत उघडे मांडलेले. त्याची गंमत अशी की प्रत्येक डावाला नंबर. एखादा नंबर टाकला की जगात कुठंही बसा, पत्ते तेच आणि त्याच जागी पडणार. करकंबात अप्पांचे एक मित्र आहेत, पूर्वी कपडे शिवायचे. आता त्यांचा मुलगा त्याच दुकानात झेरॉक्स काढतो आणि कोपऱ्यातला जुना कॉम्प्युटर बापाला खेळायला ठेवतो. अप्पा त्यांना टेलर म्हणतात, ते अप्पांना मास्तर. दोघं रोज एकाच नंबरचा डाव खेळायचे. एक दिवस नंबर टेलरनी काढायचा, दुकानासमोरून जाणाऱ्या पहिल्या उसाच्या ट्रॅक्टरचा. दुसऱ्या दिवशी अप्पांनी, दूध आणायला जाताना दिसलेल्या पहिल्या रिक्षाचा. नंबर सकाळीच एकमेकांना कळवायचा, डाव सोडवायचा, मग नऊ वाजता फोन. अप्पांना कमी ऐकू येतं, म्हणून फोन स्पीकरवर. त्यामुळे तो आमच्या सगळ्या घराचा कार्यक्रम होता.

"मास्तर, सुटला का?"

"सुटला की. तू चौकटची राणी आधी हलवलीस, तिथंच चुकलास."

"तुमाला काय माहीत मी कुटं चुकलो?"

"तेच पत्ते माझ्यासमोर आहेत ना. तू नेहमी बाईमाणसाला आधी उठवतोस."

टेलर हसले की त्यांना खोकला यायचा. खोकला थांबेपर्यंत अप्पा फोन धरून बसायचे. आमच्या घरात ते दिवसाकाठी जेवढं बोलत, त्याच्या दुप्पट त्या फोनवर.

आता माझ्याविषयी. मी एका विमा कार्यालयात कारकून आहे. प्रिंटरमध्ये अडकलेला कागद न फाडता बाहेर काढता येतो, एवढ्या भांडवलावर ऑफिसात मी कॉम्प्युटरमधला जाणकार समजला जातो. लोकांनी समजावं आणि आपण नाही म्हणू नये, असं करत करत वय पन्नासला आलं. अप्पांच्या कॉम्प्युटरवर पेन्शनचं पान उघडेना, तेव्हा मी पुढचं-मागचं न बघता जाहीर केलं की सिस्टिम जुनी झाली, नवी चढवावी लागेल.

"आहे तसं चाललंय की, जावईबापू," अप्पा म्हणाले.

"अप्पा, पुढं काहीच उघडणार नाही."

"माझं सगळं राहील ना?"

"सगळं. जिथल्या तिथं."

"आणि डाव?"

"डाव कुठं जातोय, अप्पा."

हे वाक्य मी चहाचा घोट घेता घेता बोललो होतो. कपसुद्धा खाली ठेवला नव्हता.

रविवारी सकाळी अप्पा सिद्धेश्वराच्या दर्शनाला गेल्यावर मी बसलो. पडद्यानं तीन पर्यायांतला एक निवडायला सांगितलं: फायली, प्रोग्रॅम आणि सेटिंग सगळं ठेवायचं, की फक्त फायली, की काहीच नाही. मी पहिल्यावर टिचकी मारली. काळजी घेणारा माणूस असाच निवडतो, असंही मनात म्हणालो. दोन तास नुसते आकडे वाढत होते. मध्ये लाईट गेली. बायकोनं इन्व्हर्टरवरचे पंखे बंद करून सगळी वीज माझ्या हुशारीला दिली. घामाघूम होऊन आम्ही दोघं बघत राहिलो आणि शेवटी पडदा उजळला.

सगळं होतं. सासूबाईंचा फोटो मागं तसाच. अप्पांना दिसावी म्हणून मोठी केलेली अक्षरं तशीच. माउसचा बाण वांग्याएवढा करून ठेवला होता, तोही तसाच. त्यांची पत्रं, लाईटबिलाच्या तक्रारी, सगळं जागच्या जागी. मी बायकोकडं विजयी मुद्रेनं पाहिलं. मग डावाच्या चित्रावर टिचकी मारली. चित्राच्या जागी कोरा पांढरा कागद होता, आणि त्याच्यातून काहीच उघडलं नाही.

तासभर शोधल्यावर कळलं ते असं: तो डाव अप्पांचा नव्हताच. तो जुन्या सिस्टिमचा होता. ती गेली आणि जाताना आपलं सामान घेऊन गेली. 'सगळं ठेवा' म्हणजे तुमचं सगळं. आणि तुमचं काय, हे ठरवणार ती. मला मनापासून फसवल्यासारखं वाटलं. पडद्यावर लिहून दिलं होतं हो, मराठीत.

इथवर दोष यंत्राचा. पुढचा माझा.

नव्या सिस्टिमसाठी त्याच जातीचा एक खेळ मिळाला. रंगीत, मधूनमधून जाहिराती दाखवणारा, जिंकल्यावर चांदण्या उधळणारा. नंबर मात्र तो विचारत नव्हता, मनाला येईल तसे पत्ते मांडत होता. मी तो बसवला, त्याचं चित्र जुन्या जागी ओढून नेलं आणि खाली 'डाव' असं लिहिलं. बायको दारात उभी होती.

"सांगणार आहात ना त्यांना?"

"सांगतो. आधी बघू तर त्यांना कळतंय का."

अप्पा आले. फोटो पाहिला, अक्षरं पाहिली, खूश झाले. मग विचारलं, "जावईबापू, नंबर कुठं टाकायचा?"

सांगायची वेळ हीच होती. दोन वाक्यांचं काम होतं. मी म्हणालो, "आता टाकावा लागत नाही, अप्पा. आतून आपोआप लागतो. दोघांना एकच."

दुसऱ्या दिवशी टेलर नेहमीसारखा ट्रॅक्टरचा नंबर टाकून बसले होते. फोनवर ते म्हणाले, "पैल्या रांगेत इस्पिकचा एक्का तळाला, तिथंच घोळ हाय बगा." अप्पा म्हणाले, "माझ्याकडं तर किलवर सत्ती आहे." टेलर म्हणाले, "चष्मा पुसा." दोघं हसले. मी पेपर वर धरला.

तिसऱ्या दिवशी हसणं कमी झालं. चौथ्या दिवशी मी कडक भाकरी आणि शेंगाचटणी घेऊन बसलो होतो, तेव्हा स्पीकरमधून टेलरांचा आवाज आला तो वेगळाच.

"मास्तर, खरं सांगा. खेळताय का नुसतं सुटला सुटला म्हनताय?"

"म्हणजे?"

"एक पत्ता जुळंना आपला. खेळायचा कटाळा आला असंल तर तसं सांगा की. शेरात गेल्यावर येतो मानसाला कटाळा. मी काय रागावतोय व्हय?"

अप्पांचा चेहरा मी बघितला. टपालात नोकरी केलेल्या माणसाला, आणि तेही टेलरनं, खोटारडं म्हटलं होतं.

"मी कधी खोटं बोललोय का तुझ्याशी?" अप्पा म्हणाले. "नंबर आतून लागतो. जावईबापूंनी सांगितलंय मला."

मग टेलर हळू आवाजात म्हणाले, "मी पोराला इचारलं, मास्तर. ते म्हनतंय, नव्यात त्यो डावच न्हाय. नंबरबिंबर कायच न्हाय."

मी भाकरीचा तुकडा मोडत होतो. कडक भाकरीचा आवाज केवढा होतो ते त्या दिवशी कळलं.

अप्पांनी मान वळवून माझ्याकडं बघितलं. मी म्हणालो, "अप्पा, मी सांगणारच होतो." हे वाक्य इतकं जुनं, इतकं वापरलेलं आहे की म्हणताना माझं मलाच नवल वाटलं. ते "असू दे" म्हणाले. फोनमध्ये म्हणाले, "टेलर, तुझंच बरोबर आहे. माझी चूक झाली." आणि फोन ठेवला.

त्यांची चूक. हे त्यांनी माझ्यासमोर, माझ्यासाठी स्वतःच्या अंगावर घेतलं. बोलायचं काम मग त्यांच्या लेकीनं केलं, मी ऑफिसातून आल्यापासून रात्रीपर्यंत. "यंत्रानं फसवलं म्हणून रविवारी केवढा आरडाओरडा केलात. मग तुम्ही काय वेगळं केलंत? त्यानं निदान तोंडावर तरी गोड हसून सांगितलं नव्हतं."

जुना डाव नव्या सिस्टिमवर बसवायची एक युक्ती असते, ती मी दोन दिवसांत शोधून काढली. अप्पांच्या खुर्चीजवळ जाऊन सांगितलं, "अप्पा, जमेल. नंबरसकट. पंधरा मिनिटांचं काम आहे."

"नको, जावईबापू," ते म्हणाले. "तुमच्या ऑफिसच्या धावपळीत आणखी हे कशाला."

"नाही हो, मला काही त्रास नाही."

"नको," ते म्हणाले. आवाज मऊ होता. त्यांनी कॉम्प्युटरवर सासूबाईंची जुनी साडी दुमडून घातली होती.

पुढच्या सोमवारी ते चालत जाऊन पत्त्यांचा कॅट घेऊन आले. आता सकाळी टेलरांचाच फोन येतो. ते आपल्या पडद्यावरचे पत्ते एकेक वाचून दाखवतात आणि अप्पा पलंगावर चादरीवर मांडत जातात. आठ रांगा, बावन्न पत्ते, अर्धा तास. "बदाम नव्वी. मांडली? किलवर गुलाम. मांडला का, मास्तर?" मग दोघं फोन न ठेवता खेळतात, एकमेकांना चिडवत.

परवा मी चहा घेऊन गेलो आणि दाराशीच थांबलो. अप्पांच्या हातातून दोन पत्ते खाली पडले होते. मी कप सांभाळत आत जाऊन उचलायला वाकलो तर ते माझ्या आधी वाकले. गुडघ्याला हात लावून, हळू, पण माझ्या आधी. "असू द्या, असू द्या," म्हणाले.

"कोन हाय?" टेलरनी विचारलं.

"जावईबापू. चहा आणलाय."

"आसं," टेलर म्हणाले, आणि पुढचा पत्ता सांगायचं थांबले.

मी कप स्टुलावर ठेवला आणि बाहेर आलो. माझ्या मागं अप्पा उठले, दारापर्यंत आले.

"लावून घेतो जरा," ते म्हणाले. "तुमच्या हॉलमधल्या पंख्याचा आवाज येतो, टेलरचं नीट ऐकू येत नाही."

हॉलमधला पंखा बंद होता.