सुनंदाबाई आणि सोमवारची पोटदुखी

सुनंदाबाईंची नि माझी ओळख भांडणातून झाली. म्हणजे भांडायला मी गेलो होतो, बाई भांडल्या नाहीत. मी पेणजवळच्या गडब गावचा शेतकरी, चौथी शिकलेला. बाईंच्या साठीनिमित्त निघणाऱ्या अंकात मोठी माणसे लिहिणार, त्यात आपले काही चुकेल अशी धास्ती आहे. तरी लिहितो.

माझी नात मानसी तेव्हा पेणच्या शाळेत नववीला होती. वर्गात तोंड उघडायची नाही. दर सोमवारी पोट दुखायचे. तपासण्यांत काही निघाले नाही. पुढे ती शाळाच नको म्हणू लागली. मला घोर लागला. अशात कळले, की तिच्या वर्गशिक्षिका सुनंदाबाई शनिवारी शाळा सुटल्यावर मुलांना, मानसीलाही, सरकारी दवाखान्यात नेतात, लिहिता न येणाऱ्यांचे केसपेपर लिहून द्यायला. मी तडक शाळा गाठली.

"बाई, पोर आधीच आजारी. तिला आजाऱ्यांत कशाला नेता?"

बाईंनी खुर्ची दिली, पाणी दिले. म्हणाल्या, "आजोबा, एकदा येऊन बघा. नाही पटलं तर घेऊन जा."

गेलो. मानसीसमोर खाडीकडची एक म्हातारी होती. "आजी, नवऱ्याचं नाव?" म्हातारी पदर तोंडाशी धरून गप्प. आमच्याकडच्या जुन्या बायका नवऱ्याचे नाव घेत नाहीत. रांग ओरडली, "आटप गो!" मी पुढे सरसावलो. बाईंनी मला अडवले. "थांबा. गप्प बसणं मानसीला कळतं."

मानसी उठली. रांगेकडे वळून मोठ्याने म्हणाली, "आजींच्या गावचं कोण हाय? यांच्या मालकांचं नाव सांगा!"

"रामा!" मागून कुणीतरी सांगितले.

"व्हय गो, तेच," म्हातारी लाजली. मानसी हसली. कित्येक महिन्यांनी. मग मला पाहून म्हणाली, "आजोबा, पेशंट नाय ना तुम्ही? मग लाईन सोडा."

पुढच्या सोमवारी पोट दुखलेच. त्याच्या पुढच्याही. बाई दर सोमवारी संध्याकाळी फोन करत. शाळेचे विचारत नसत, शनिवारी येणार ना, एवढेच विचारत. हळूहळू दुखणे थांबले. मार्क फारसे वाढले नाहीत. पण वर्गात मानसी हात वर करून "बाई, समजलं नाय" म्हणू लागली, हे बाईंनीच मला कौतुकाने सांगितले.

आता ती रोह्याला कॉलेजात जाते. बाईंना उदंड, निरोगी आयुष्य मिळो. त्यांच्या नावाचा केसपेपर कुणाला लिहावा न लागो. मला सोमवारी सकाळी अजून धाकधूक होते. मानसी चप्पल घालून बाहेर पडली, की मगच मी चहा घेतो.