लिफ्टने खाली

जयप्रकाश खांबेटे मला पहिल्यांदा भेटले ते आमच्या इमारतीच्या जिन्यात, घामाघूम होऊन. बँकेने माझी कोलकात्याला बदली केली होती, मी बँकेवर नाराज होतो आणि बेहाल्यातल्या या अकरा मजली इमारतीत मला येऊन जेमतेम आठवडा झाला होता. तिसऱ्या मजल्यावर कचऱ्याची पिशवी दाराबाहेर ठेवायला आलो, तर साठीकडे झुकलेले एक गृहस्थ कठड्याला हात न लावता वर चाललेले. लिफ्ट बंद आहे का, असं मी हिंदीत विचारलं. त्यांनी माझ्या दारावरची पाटी वाचली आणि मराठीत उत्तर दिलं.

"लिफ्ट चालू आहे. उतरताना मी तीच वापरतो."

हे वाक्य मी तेव्हा सोडून दिलं. सोडून द्यायला नको होतं, पण मला डोंगरातलं काय कळतंय.

खांबेटे कस्टम्समध्ये. ऐन तरुणपणी नोकरीला लागले ते खिदिरपूरच्या गोदीत, आणि पुढची सगळी वर्षं त्याच परिसरात कंटेनर उघडून बघण्यात गेली. मूळचे गुहागरकडचे. गावाला डोंगरउतारावर त्यांच्या वाट्याची थोडी जमीन होती, तिथे त्यांनी हौसेने दोन खोल्यांचं घर बांधलं होतं. पुढे पडवी, पडवीतून समुद्राची एक चिरी दिसायची, असं ते सांगत. रस्ता मात्र खालीच संपायचा. तिथून घरापर्यंत जांभ्या दगडाच्या पायऱ्यांची उभी वाट, कोकणात तिला पाखाडी म्हणतात. दूध, गॅस, औषध, जे काही लागेल ते पाखाडीने वर न्यायचं. पुढच्या वर्षी ऑक्टोबरात खांबेटे निवृत्त होणार होते आणि त्यांना तिथे जाऊन राहायचं होतं. दुसरी कसलीही इच्छा त्यांनी माझ्याजवळ कधी बोलून दाखवली नाही.

अडचण घरातच होती. अनुराधावहिनी लग्न होऊन कोलकात्यात आल्या तेव्हा पहिलं वर्ष रडल्या होत्या, हे त्यांनीच मला सांगितलं. आता त्या भाजीवाल्याशी बंगालीत हुज्जत घालत आणि पाड्यातल्या, म्हणजे आपल्या आळीतल्या, बायकांच्या नाटकमंडळीत दर दुर्गापूजेला काम करत. त्या वर्षी त्यांच्याकडे खाष्ट सासूची भूमिका होती आणि ती इतकी रंगली की पुढे महिनाभर रिक्षावाले त्यांना वाट करून देत. गावाला जायचा विषय निघाला की त्या एवढंच म्हणत, "तुमचे गुडघे बघा आधी." गावाबद्दल वाईट नाही, कोलकात्याबद्दल चांगलं नाही. फक्त गुडघे. मला तेव्हाच वाटायचं की बाई पूर्ण बोलत नाहीत, पण शेजाऱ्याने किती खोलात जायचं यालाही काही मर्यादा असते.

पूजेच्या सुट्टीत खांबेट्यांच्या ऑफिसातल्या कुणीतरी त्यांना एक जाहिरात पाठवली. नाताळच्या दिवशी पुरुलियाकडच्या डोंगरात अर्धी मॅरेथॉन. रस्त्यावरची नाही, जंगलातल्या दगडधोंड्यांच्या वाटेवरची. अर्धं अंतर चढ आणि त्याच वाटेने परत. चार तासांच्या आत पोचलं तर पदक. खांबेट्यांनी जेवताना ती जाहिरात मोठ्याने वाचली. मी तिथेच होतो, वहिनींच्या हातची अळूची भाजी खात.

वहिनी म्हणाल्या, "हा डोंगर वेळेत पुरा करून दाखवा. मी एक अक्षर न बोलता पाखाडी चढेन."

खांबेटे पान वाढून घ्यायचं विसरले. "यांच्यासमोर बोललीयस," असं म्हणून त्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. झालो मी साक्षीदार.

सुट्टीच्या दिवशी उजाडायच्या आत उठून पळणाऱ्या माणसांबद्दल माझं मत फारसं बरं नाही. अंथरुणाने त्यांचं काय वाकडं केलेलं असतं कोण जाणे. पण खांबेट्यांची तयारी मला रोज बघावी लागली, कारण ती माझ्या दारावरूनच जायची. कोलकात्यात चढ असा नाहीच. पाणी साचायचं झालं तरी ते कुठे वाहून जावं याचा विचार करत बसतं, इतकं हे शहर सपाट. म्हणून खांबेटे पहाटे माझेरहाटच्या पुलावरून धावत आणि परत आले की आमचा जिना चढत; जिना पाखाडीसाठी आधीपासूनच चालू होता, आता फेऱ्या वाढल्या. तळमजला ते अकरावा. मग लिफ्टने खाली, आणि पुन्हा वर. उतरताना गुडघ्यांवर फार भार येतो असं त्यांनी कुठेतरी वाचलं होतं. गुडघ्यांवर सगळं ठरणार होतं, तेव्हा ते जपायला हवेत, हा त्यांचा हिशेब. कंटेनरचं सील तपासावं इतक्या गंभीरपणे ते लिफ्टचं बटण दाबत. मला तो हिशेब पटला. वहिनींनाही पटला असावा, कारण डिसेंबर लागला तशा त्या जरा गप्प झाल्या.

नाताळच्या आदल्या दिवशी आम्ही तिघं माझ्या गाडीने पुरुलियाला गेलो. सकाळी शाळेच्या मैदानातून शर्यत सुटली. पोरापोरींच्या रंगीत घोळक्यात खांबेटे पांढऱ्या बनियनवर नंबर लावून उभे होते. जाताना मला म्हणाले, "चढ काढला की संपलं. येताना काय, उतारच आहे."

वर काय झालं ते त्यांनी नंतर सांगितलं. चढ त्यांनी खरोखर मारला. सालाच्या झाडांतून लाल मातीची वाट होती, तिशीतली पोरं कमरेवर हात ठेवून थांबलेली होती आणि खांबेटे त्यांच्या बाजूने पुढे जात होते. माथ्यावर पाणी पिताना त्यांना पडवी दिसली, समुद्राच्या चिरीसकट. इतका आनंद गेल्या कित्येक वर्षांत झाला नव्हता, असं ते म्हणाले.

मग उतार लागला. सुरुवातीला बरं गेलं. थोड्या वेळाने मांड्या थरथरायला लागल्या आणि पाय टेकला की गुडघा आपोआप दुमडायला लागला. चढायची सवय झालेल्या पायांना उतरणं माहीतच नव्हतं, ते काम इतके महिने लिफ्टने केलेलं. एकदा ते घसरून पडले, तळहात सोलवटले. मागे टाकलेली पोरं एकेक करून "काकू, ठीक आछेन?", बरे आहात ना, असं विचारत खाली गेली. बंगालीत काकाला काकू म्हणतात, हे मला कोलकात्यात आल्यावर कळलं.

एका दगडावर बसून असताना त्यांना गावची आत्या आठवली. म्हातारपणी ती पाखाडी उलटी उतरायची, तोंड डोंगराकडे आणि पाठ समुद्राकडे. खांबेटे उठले आणि वळले. पाय चालले.

आम्ही मैदानात बसलो होतो. तिथून शेवटचा उतार दिसायचा. लोक येत होते, खांबेटे येत नव्हते. वहिनींनी थर्मासमधला चहा कपात ओतला आणि तो तसाच गार होऊ दिला. वेळ संपत आला तेव्हा उतारावर एक पांढरी पाठ दिसली. एक माणूस डोंगराकडे बघत, हाताने झुडपं चाचपत, एकेक पाऊल मागे टाकत खाली येत होता. कडेला उभी असलेली मंडळी हसली, मग हसायची थांबली. वहिनी उभ्या राहिल्या. त्यांना हा माणूस वेळेत यायला हवा होता की नको होता, ते त्यांच्या चेहऱ्यावरून मला सांगता आलं नसतं. मला मात्र तो यायला हवा होता. इतका, की मी दोन्ही मुठी आवळल्या होत्या आणि ते मला नंतर कळलं.

मैदानात सपाटी लागल्यावर खांबेटे वळले आणि सरळ चालत रेषेपलीकडे आले. वेळ अजून थोडा शिल्लक होता. एका मुलीने त्यांच्या गळ्यात पदक घातलं.

वहिनी जवळ गेल्या. खांबेट्यांच्या हातांची माती आपल्या पदराने पुसली आणि म्हणाल्या, "ठरलं तर मग. ऑक्टोबरात जाऊ."

खांबेटे खाली गवतावर बसले. बराच वेळ बूट सोडवत राहिले. "नाही गं," ते म्हणाले. "चढता येतं, उतरता येत नाही. आत्या उलटी उतरायची तेव्हा ऐंशीच्या पुढे होती. वर जाऊन बसेन मी, आणि मग खालचं सगळं तुलाच आणावं लागेल. आपण बेहाल्यातच राहू."

 परतीच्या वाटेवर खांबेट्यांनी पदक खिशात ठेवलं होतं. ज्या बाईला हवं ते मिळालं होतं, ती खिडकीबाहेर बघत होती आणि अजिबात खूश नव्हती. मला दोघांचंही वाईट वाटलं.

त्यानंतर जिन्यात खांबेटे दिसेनासे झाले. लिफ्टमध्ये भेटायचे, डबा घेऊन, कामापुरतं बोलायचे. गावच्या घराला भाडेकरू बघायला भावाला सांगितलंय, असं एकदा म्हणाले.

जानेवारीच्या शेवटी एका रविवारी सकाळी जिन्यात पावलं वाजली. मी दार उघडलं. वरून दोघं उतरत होती. वहिनी एक पायरी पुढे, खांबेटे मागे, एक हात त्यांच्या खांद्यावर. दोघांनाही घाम आला होता.

"वर लिफ्टने जातो," वहिनी म्हणाल्या, "आणि खाली असे. तिसरी फेरी आहे. ऑक्टोबरला वेळ आहे अजून."

माझ्या तोंडून निघून गेलं, "पण वहिनी, तुम्हाला तर जायचं नव्हतं."

शेजाऱ्याची मर्यादा मी तेवढ्यात ओलांडली होती. वहिनी थांबल्या. मागे न बघता, पण मागच्या माणसाला नीट ऐकू जाईल अशा आवाजात त्या म्हणाल्या, "अजूनही नाही जायचं. माझं सगळं इथे आहे. पण ते मी यांना एवढ्या वर्षांत एकदाही सांगितलं नाही, गुडघ्यांवर ढकललं. त्या दिवशी त्या डोंगरावर हे उलटे उतरताना बघितलं आणि माझी मला लाज वाटली. आता आधी यांचे पाय नीट करायचे. मग समोरासमोर बसून भांडू."

मी खांबेट्यांकडे पाहिलं. ते कठड्याकडे बघत होते. वहिनींच्या खांद्यावरचा हात त्यांनी काढला नव्हता.

"चल," ते म्हणाले. "अजून तीन मजले आहेत."