पुनमचंद शेठच्या जिनातलं गुणी लेकरू

पुनमचंद शेठ दयाळू होते. हे त्यांनी स्वतःच साऱ्या वसमतला सांगून ठेवलेलं असल्यामुळे शंकेला जागा नव्हती. कापसाच्या हंगामात त्यांच्या जिनात, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, खेड्यापाड्यांतून बाया कामाला येत. काखेतलं लेकरू रडलं की बाई उठायची, त्याला पदराखाली घ्यायची, आणि तेवढा वेळ कापूस तसाच पडून राहायचा. ते बघून शेठचं काळीज कळवळलं. लेकरासाठी की कापसासाठी, हे विचारायची आपली पायरी नाही. त्यांनी गोदामामागे पत्र्याची एक पडवी उभी केली आणि लेकरं सांभाळायला खतीजाबीला नेमलं. सन बेचाळीस-त्रेचाळीसची ही गोष्ट.

खतीजाबी म्हणजे पिंजाऱ्याची विधवा. तोंडाने फटकळ, हाताने मऊ. मुलं वाढवून झाली होती, नातवंडं वाढवून झाली होती, आणि आता सुनांना तिचा सल्ला नकोसा झाला होता. मग तिने तो जिनात आणला.

ज्वारी, मुगाची डाळ आणि ताक शेठकडून यायचं. रांधायला मात्र मंजुळाबाई होती, कारण हिंदूंच्या लेकरांनी मुसलमान बाईच्या हातचं खायचं कसं? शिजवताना धर्म बुडतो, भरवताना बुडत नाही, असा निकाल कुणीतरी जाणत्याने दिला होता. मंजुळाबाईला चुलीच्या उबेने डुलकी लागायची आणि पळी खतीजाबीच्या हातात यायची. हे सगळ्यांना माहीत होतं आणि कुणीच पाहिलेलं नव्हतं. धर्म सुखरूप होता.

खतीजाबीचे कायदे निजामाच्या कायद्यांहून कडक. दात नसलेल्यांना ज्वारीच्या कण्यांची गाळून घेतलेली पेज. दात आलेल्यांना मुगाची मऊ गिरगुट खिचडी, त्यात शेवग्याचा कोवळा पाला. पाणी उकळून, फडक्यातून गाळून. कापसाचा तूस उडून पडू नये म्हणून पातेल्यावर ओलं फडकं. रात्रीचं उरलेलं लेकराच्या तोंडी लागता कामा नये. एकदा शेठच्या घरच्या लग्नातली आंबूस झालेली बुंदी पुण्य म्हणून पडवीत आली. खतीजाबीने ती शेठच्याच म्हशीपुढे टाकली. घरचं पुण्य घरात राहिलं.

आता लेकरं पोटभर खाणार म्हणजे पोटभर ओरडणारही. शेठला यातलं खाणं तेवढं चालत होतं, ओरडणं नको होतं; खरं तर खाणंही नकोच होतं. त्यांचा जीव रमायचा तो देवलावर.

देवला म्हणजे पुसेगावकडून आलेल्या मनकर्णाचं पोरगं. वर्षाचं होत आलेलं. रडत नसे, मागत नसे, दिवसभर निजलेलं. शेठ येता-जाता त्याच्यापाशी थांबत. "बघा, याला म्हणतात गुणी लेकरू. काही तकलीफ न्हाई." बाकीच्या बायाही मनकर्णाचा हेवा करत.

खतीजाबीने या गुणी लेकराचं मनगट चिमटीत धरून पाहिलं. पापणी उचलून पाहिली. मग संध्याकाळी मनकर्णाला बाजूला घेतलं.

"किती देऊन राहिली?"

"काय?"

"अफू."

मनकर्णाने मान खाली घातली. "मोहरीएवढी. समद्याच देतात कवा ना कवा. चार महिन्यांचा होता तवापासून देते. रडला तर मुकादम हाकलून देईल, खतीजाबी. मंग आमी खायाचं काय?"

"अन् त्यानं काय खायाचं? झोपलेल्या तोंडात घास घातला तर नरड्यात बसंल. जागं लेकरूच जेवतं, पोरी. असंच चाललं तर हंगाम सरायच्या आत हा जाईल."

मनकर्णा वाईट आई नव्हती. जीव होता म्हणूनच ती नखावर गोळी बेताने मोजून द्यायची. त्या दिवसापासून मोहरीची खसखस झाली. देवला मधूनमधून कुंईकुंई करू लागला, आणि तेवढ्यात खतीजाबी त्याच्या ओठाला पेजेचा चमचा लावू लागली. दोन चमचे गेले तरी तिला ईद झाल्यासारखं वाटायचं.

अशात तहसीलदारसाहेब जिन बघायला येणार असं ठरलं. शेठने पडवीला चुना मारून घेतला आणि वर अख्खे बदाम रोवलेला शिरा मागवला. सोबत मुकादम रतनसिंग एक पुडी घेऊन आला. साहेब असेपर्यंत पडवीत आवाज नको, सगळी लेकरं देवलासारखी पाहिजेत, असा शेठचा निरोप होता.

म्हणजे शिराही मांडायचा आणि खाणारं कुणी जागं राहू द्यायचं नाही. अशी मेजवानी शेठलाच सुचावी.

"बराबर," खतीजाबी म्हणाली, आणि तो वळताच पुडी मोरीत रिकामी करून वर तांब्याभर पाणी ओतलं. मनकर्णा त्या सकाळी घाबरून विचारायला आली, "आज तरी देऊ का? साहेब येऊन राहिला." खतीजाबी म्हणाली, "आज खसखस बी न्हाई. माझ्यावर सोड."

साहेब आले तेव्हा लेकरं शिरा खात होती. ज्यांना दाढा नाहीत त्यांना बदाम कसले, म्हणून बदाम आधीच वेचून रतनसिंगला दिले होते. निदान त्याचं तोंड कामात राहिलं. सगळं कसं गोड चाललं होतं. आणि देवलाने तोंड उघडलं.

सात-आठ महिन्यांचं साठवलेलं रडणं होतं ते. पत्रा दणाणला. साहेब दचकले, "भुकेलं दिसतंय," म्हणाले आणि चहाकडे वळले. शेठ मागे थांबून दातओठ खात म्हणाले, "खतीजाबी, उद्यापासून तुमी येऊ नका."

"न्हाई येत जी," ती म्हणाली. "पेज संपू द्या याची."

देवला रडत होता आणि रडता रडता गिळत होता. खतीजाबीच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला तिला हात मोकळा नव्हता.

एवढ्यात जिनातल्या बाया एकेक करून दाराशी येऊ लागल्या. आईला आपल्या लेकराचं रडणं हजारात कळतं. प्रत्येकीने कान दिला, "माझं न्हाई," म्हणाली आणि कामाला गेली. एकटी मनकर्णा तेवढी फिरकली नाही.

शेवटी खतीजाबीच देवलाला कडेवर घेऊन जिनात गेली. मनकर्णा कापूस निवडत होती. मान वर न करता तिने विचारलं, "कोनाचं वो हे? लई येळ रडून राहिलं बिचारं."

"तुझं," खतीजाबी म्हणाली.