वैशालीताईंचं नको मंडळ

आमच्याकडे पैसे साठत नाहीत. पैसे का साठले नाहीत याचे किस्से मात्र इतके साठलेत, की त्यांच्यावर व्याज मिळत असतं तर गाझियाबादचा हा भाड्याचा फ्लॅट आम्ही केव्हाच विकत घेतला असता! निखिल, म्हणजे माझा नवरा, म्हणतो, "सांगत नको जाऊस यार. लोक हसतात आणि मला रडू येतं." पण सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

*

सुरुवात झाली दिल्लीत, आर. के. पुरममध्ये, वैशालीताईंच्या सरकारी क्वार्टरमध्ये. संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. ताई आमच्यात सगळ्यात मोठ्या. तिळगूळ झाला, अत्तर झालं, आम्ही वाणाची वाट बघत बसलो. ताई म्हणाल्या, "यंदा वस्तू नाही. यंदा वाण म्हणून सल्ला देतेय."

मला वाटलं, थट्टा करतायत. थट्टा नव्हती! ताईंनी तिथल्या तिथे आम्हा चौघींचा फोनवर ग्रुप काढला. नाव 'नको मंडळ'. पाचशेच्या वरची कुठलीही वस्तू घ्यायची तर आधी तिचा फोटो ग्रुपवर टाकायचा. दोघींनी 'नको' म्हटलं की विषय संपला. नवऱ्याला विचारायचं ते नंतर.

बाहेर पडल्यावर आमच्यातली शलाका माझ्या कानात म्हणाली, "सल्ल्यापेक्षा स्टीलची वाटी बरी होती गं."

*

मी मात्र मंडळात मनापासून शिरले. कारण आम्हाला बाळ हवं होतं. दोघांनी ठरवलं होतं, दवाखान्याचा खर्च आणि पुढचे सहा महिने घर चालेल एवढे पैसे बाजूला पडले की मगच. त्यासाठी बँकेत वेगळं खातं उघडलं. निखिलने त्याला नाव दिलं 'छोटू'. मी तिशी ओलांडली, छोटू काही वाढेना.

सांगलीहून आईचा फोन येतो. "काय गं, काही बातमी?"

"आहे ना. गीझर गेला."

नवा गीझर अर्थातच छोटूमधून आला.

*

बँकेचा मेसेज आला की मी दचकते. पैसे गेले असतील तर दचकतेच, आले असतील तर जास्त दचकते, कारण चुकून आले असणार! एकदा चहा घेऊन उभी होते आणि फोन वाजला. घरमालक अंकलनी वाढवलेलं भाडं खात्यातून गेलं होतं. हातातला ट्रे खाली. लग्नात मिळालेल्या सेटमधला एकच कप वाचला.

मी नव्या सेटचा फोटो टाकला. ताईंचं उत्तर लगेच. कुठल्याही फोटोला त्यांचं हेच उत्तर असतं. "नको. जुनं काय वाईट आहे?"

"ताई, जुनं फुटलं."

"सगळं?"

"एक कप उरलाय."

"मग आळीपाळीने प्या!"

तेव्हापासून आमच्याकडे निखिल पावणेसातला चहा पितो आणि मी सातला.

*

शलाका मानेसरला राहते. तिचा नवरा गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या कारखान्यात आहे. तिचं उत्तरही ठरलेलं. "नको. सेल लागू दे."

एका थंडीत त्यांनी रजई घेतली नाही, कारण सेल नव्हता. दोघं स्वेटर घालून झोपले, दोघं आजारी पडले. मग भर मे महिन्यात, पंखाही गरम हवा फेकत असताना, शलाकाचा फोन. "अगं, रजई अर्ध्या किमतीत! पूर्ण अर्धे पैसे वाचवले!"

रजई माळ्यावर गेली. डिसेंबरात खाली काढली तर आत उंदरांचं पिलांसकट अख्खं कुटुंब. मी तिला धीर द्यायला गेले, तर तीच मला म्हणाली, "बघ ना, त्यांनी नाही सेलची वाट बघितली."

हसावं की काय करावं, मला कळेना. ती मात्र डोळे पुसत होती.

त्याच दिवशी तिने एक गुपित सांगितलं. ती ग्रुपवरचे फोटो उघडतच नाही! "कशाला उघडायचे? डेटा जातो. 'नको'च तर लिहायचंय."

हे ताईंच्या कानावर गेलं. मला वाटलं, आता ओरडा बसणार. ताईंनी तिचं तोंडभरून कौतुक केलं आणि स्वतःच्याही फोनवर फोटो आपोआप उघडणं बंद करून टाकलं.

*

चौथ्या प्रमिलावहिनी. साताऱ्याकडच्या, भाऊजी फौजेत, राहायला कँटोन्मेंटमध्ये. वहिनी टाइप करत नाहीत, आवाज भरून पाठवतात. मागे कुकरची शिट्टी, पोरांचा दंगा, आणि मध्ये वहिनी. "घे की गं! माणूस काय बरोबर नेणार आहे व्हय?"

वहिनी प्रत्येक गोष्टीला 'घे' म्हणतात. साडीला घे, टोस्टरला घे. एकदा ताईंनी चुकून स्वतःच्या मोडक्या छत्रीचा फोटो टाकला, तर तीही घे! शेवटी ताईंनी जाहीर केलं, "प्रमिलाचं मत धरायचं नाही."

वहिनींना त्याचं काहीच वाटलं नाही. मत देणं चालूच आहे.

*

नोव्हेंबर आला. धुरक्यामुळे खिडकीतून समोरचा टॉवर दिसेना. निखिलचा खोकला थांबेना. डॉक्टर म्हणाले, घरात हवा शुद्ध करायचं मशीन लावा. मी फोटो टाकला.

"नको. जुनं काय वाईट आहे?"

"ताई, जुनी हवाच वाईट आहे!"

"नको. सेल लागू दे," शलाका.

नियम मोडून आम्ही मशीन आणलं. छोटू जवळजवळ रिकामा झाला. त्या दिवशी मी बाथरूममध्ये नळ सोडून रडले. बाहेरून निखिलचा आवाज आला, "रड, पण नळ बंद करून रड ना, पाणी जातंय."

मशीनची गंमत अशी, की मी फोडणी दिली रे दिली की त्याचा दिवा लाल! लाल झालं की ते जोरात चालतं, फिल्टर लवकर संपतो, आणि नवा फिल्टर ही पाचशेच्या बरीच वरची वस्तू. मग फोडणीच बंद. थंडी संपेपर्यंत आम्ही उकडलेलं वरण आणि उकडलेली भाजी खाल्ली.

आईचा फोन. "काही बातमी?"

"आहे ना. दिवा हिरवा आहे."

*

आणि हे परवाचं.

रविवार होता. निखिल आंघोळीला जायच्या तयारीत, गीझर लावून मिनिटं मोजत उभा. मी आत जाऊन टेस्ट केली. किट स्वस्त होतं, त्याला मंडळाची परवानगी लागत नव्हती. पण त्याच्यावर ज्या दोन रेघा उमटल्या, त्यांना नक्कीच लागत होती!

छोटूमध्ये किती आहेत ते मला तोंडपाठ होतं. तेवढ्या पैशांत दवाखान्याचं गेटसुद्धा उघडलं नसतं. आनंद झाला होता का? झाला असावा, पण भीतीच्या खाली कुठेतरी दबला होता. निखिलला हाक मारायची, तर आधी काय सांगायचं तेच ठरेना. शेवटी सवयीने जे करते तेच केलं. फोटो काढला आणि ग्रुपवर टाकला. एक शब्द लिहिला नाही.

फोन वाजला. मी दचकले.

"नको. सेल लागू दे."

पुन्हा वाजला.

"नको. जुनं काय वाईट आहे?"

मी तशीच बाहेर आले. निखिल खांद्यावर टॉवेल टाकून उभा होता. माझा चेहरा बघून त्याने माझ्या हातातला फोन घेतला. फोटो बघितला. मोठा करून बघितला. मग खालचे दोन्ही 'नको' वाचले. गीझर चालूच होता, बंद करायचं आम्हा दोघांनाही सुचलं नाही.

टॉवेल दुसऱ्या खांद्यावर टाकत तो म्हणाला, "प्रमिलावहिनी काय म्हणतात, ते बघूया की."