जाई विहिरीतच आहे

माझा स्वभाव तापट. आमच्या केंद्रातल्या सगळ्या शाळांना ठाऊक आहे, मी काही लपवत नाही. प्रज्ञेश सर बदलून आमच्या शाळेवर आले आणि पहिल्याच महिन्यात वर्गाच्या भिंतीवर ढब्बू नाकाची माणसं चिकटवायला लागले, तेव्हा मी तोंडावरच म्हटलं, "सर, इथं लेकरांना जोडाक्षर वाचता येईना अन् तुमी कार्टून काढून राहिले." ते हसले, बराबर आहे म्हणाले, आणि पुढच्या शनिवारी नवं पान चिकटवलं.

आमची शाळा साखऱ्याहून बरीच आत, दोन शिक्षकांची. पहिली-दुसरी माझी, तिसरी-चौथी त्यांची. मी हिंगोलीहून ये-जा करते, सर गावातच खोली घेऊन राहतात. पस्तिशीचा सडसडीत माणूस, बोलणं मोजकं, बायको आकांक्षा नांदेडला नर्स. कुणाच्या अध्यात ना मध्यात. पण खडू हातात आला की फळ्यावर म्हैस अशी उभी राहायची की माझी पहिलीतली पोरं दारातून डोकावून तिला हाड हाड करायची.

दिवाळी झाली की आमच्या गावातली निम्मी घरं कुलूप लावून ऊसतोडीला जातात. काही लेकरं आजीपाशी राहतात, काही आईबापामागं उसाच्या फडावर जातात. पटावर नाव असतं, बाकावर कुणी नसतं. सरांनी चित्रकथा काढली ती या रिकाम्या बाकांसाठी. पटावरचं प्रत्येक लेकरू गोष्टीत पाहिजे, मग ते इथं असो का फडावर. नियम असा, की ज्याची पाळी असेल त्यानं सांगायचं, मला कशात अडकवा. सर अडकवणार. आणि पुढच्या शनिवारी त्यानंच सांगायचं, मी कसा सुटलो. सर आपल्या मनानं कुणाला सोडवत नसत. सोमेश्वर नावाचं पोरगं कितीतरी शनिवार मगरीच्या पोटात बसून होतं, कारण त्याला सुचेचना. मी म्हटलं, "काढा ना त्याला बाहेर, रडकुंडीला आलं लेकरू." सर म्हणाले, "बाई, अडकायचं त्यानं, सुटायचंही त्यानं. मी सोडवलं तर तो माझ्या भरवशावर राहील." शेवटी सोमेश्वरनं मगरीला आतून गुदगुल्या केल्या. ते वाचायला माझ्या दुसरीतल्या पोरी भिंतीला नाकं लावून उभ्या राहिल्या, अक्षर अक्षर जोडत. मग मी गप्प बसले. माझं गप्प बसणं म्हणजे काय, ते घरी नवऱ्याला विचारा.

फडावरची लेकरं बापाच्या फोनवरून आपलं म्हणणं बोलून पाठवायची. सर पानाचा फोटो काढून उलट पाठवायचे. दोन निळ्या खुणा उमटल्या की त्यांचा चेहरा उजळायचा.

जाई चौथीतली. कोंडीबा आणि जीवनबाईची थोरली पोरगी. बोलायला लागली की पट्टा तुटायचा नाही. तिला त्या वर्षी इथं मावशीपाशी ठेवायचं ठरलं होतं, पण धाकटं लेकरू तान्हं होतं, त्याला फडावरच्या कोपीत, त्या पाचटाच्या झोपडीत, सांभाळायला कोण? ऐन वेळी तिलाही ट्रॅक्टरवर बसवलं. जानेवारीत तिची पाळी आली. तिचा आवाज सरांनी मला ऐकवला होता, कौतुकानं. "सर, मला विहिरीत टाका. खोल टाका. वरून कुणाला दिसू नये इतकी खोल. मंग म्या कशी वर आले ते सांगते पुढच्या शनिवारी."

सरांनी टाकली. कमरेएवढ्या पाण्यात उभी जाई, दोन वेण्या, वर बघणारं तोंड, आणि वर विहिरीच्या काठाएवढं गोल आभाळ. फार छान पान होतं ते, खोटं कशाला बोलू. शनिवारी फोटो गेला, निळ्या खुणा आल्या. मंगळवारी कोंडीबाचा भाऊ शाळेत आला. जाई फडाजवळच्या विहिरीत पडून गेली होती. तिकडंच माती दिली.

सरांनी ऐकून घेतलं आणि वर्गात परत जाऊन पाढे म्हणवून घेतले. पुढचाही दिवस तसाच गेला. मला वाटलं, सोसलं बिचाऱ्यानं.

पान मात्र भिंतीवरच राहिलं. काढायला त्यांचा हात जाईना, आणि माझाही नाही. लेकरांनी हळूहळू बाक त्या भिंतीपासून सरकवले. दर दोन दिवसांनी बघावं तर वर्ग आणखी एका बाजूला झुकलेला. एके दिवशी माझ्याच वर्गातली पोरगी सहज बोलून गेली, "मोठ्या वर्गाच्या सरांनी जाईला विहिरीत टाकलं." मी तिच्यावर खेकसले. पण गावातही तेच चाललेलं. उचलली जीभ लावली टाळ्याला. कुणी म्हणे, कोंडीबानं फोनवर सांगितलं, सरांच्या चित्रानं पोरगी गेली.

मग पाळी घ्यायला कुणी पुढं येईना. "सर, माझं नका काढू," असं एकेक म्हणायला लागलं. सरांनी नुसतं टक लावून बघितलं तरी पोरी दप्तर तोंडापुढं धरायच्या. कहर म्हणजे म्हातारे शेषराव एक दिवस बायकोचा फोटो घेऊन आले. ती बाई वर्षापासून अंथरुणाला खिळलेली. "हिला चालताना काढा सर. तुमच्या हातात हाय ते." सरांनी हात जोडले, समजावलं, तर म्हातारा रागावून म्हणाला, "माराया येतं अन् ताराया येत न्हाई व्हय?"

हेच सर दरवर्षी लेकरांना जिभेवर कापूर जाळून दाखवायचे, की बघा, बुवा तुम्हाला कसा फसवतो. आणि आता त्यांच्याच हाताला गाव भिऊन राहिलं. मला राग याचा यायचा की तेही भ्यायला लागले होते. खडू धरणं सोडलं. भूमितीचा त्रिकोण काढायलाही मला हाक मारायचे. उत्तरपत्रिका तपासताना हात आपोआप फिरायचा आणि कडेला दोन वेण्या उमटलेल्या असायच्या. मग ते घाईनं खोडायचे. पाणी पिताना डोळे मिटायचे. मी विचारलं, काहून? तर म्हणाले, "तांब्यात गोल दिसतं बाई, वरचं आभाळ."

एकदा मधल्या सुट्टीत लेकरं खिचडीला बसली होती. मी त्यांच्या वर्गावरून चालले होते आणि आतून जाईचा आवाज आला. अगदी स्पष्ट. "सर, मला विहिरीत टाका." मी काही भित्री बाई नाही, पण दाराची कडी धरून उभी राहिले. "खोल टाका," ती म्हणत होती. मग बंद. मग पुन्हा पहिल्यापासून.

आत सर फोन मांडीवर घेऊन, त्या पानासमोर जमिनीवर बसले होते. माझं डोकं फिरलं. म्हटलं, "पुरे झालं हे, स्वतःला वेड लावून घ्यायचं आहे का?" आणि पान ओरबाडायला पुढं झाले. त्यांनी माझं मनगट धरलं. हा माणूस कधी कुणाला हात लावणार नाही, त्यानं मनगट धरलं.

"ती सुटली नाही अजून बाई. कशी सुटणार होती ते सांगायचं राहिलं तिचं."

"सर, ती मेली."

"मला एवढंच कळू द्या," ते म्हणाले, "की पान बघून ती विहीर बघायला गेली होती का. दुसरं काही नको. तसं असेल तर गाव खोटं बोलत नाही. मग मी हे काम सोडतो, शाळाही सोडतो."

राजीनाम्याचा कागद त्यांनी लिहून ठेवलेला होता, ते मला तेव्हा कळलं. हाडाचा मास्तर असा जाणार म्हणून मला रडू आलं, आणि रडू आलं म्हणून आणखी राग आला. पण उत्तर ज्यांच्याकडं होतं ते फडावर होते.

पाडवा झाला, माणसं परत आली. कोंडीबा शाळेसमोरून जाताना मान फिरवून जायचा. शाळा सकाळची झाली होती. एका दुपारी लेकरं गेल्यावर आम्ही निकालपत्रकं करत होतो, तर दारात जीवनबाई. नुसतं हाड आणि कातडं उरलं होतं बाईचं. ती सरांकडं बघेना, माझ्याकडं बघेना. भिंतीकडं गेली आणि पानासमोर उभी राहिली. मला वाटलं, आता ही फाडणार, नाहीतर सरांच्या अंगावर जाणार. मी खुर्ची सरकवून मध्ये उभी राहिले.

"तवापासून पाण्यातच ठिवलं व्हय तिला," ती म्हणाली.

सर उठले. "जीवनबाई, माझं पान बघून ती विहिरीवर गेली का? खरं सांगा. काही असो, खरं सांगा."

ती खाली बसली. पदराचं टोक पिळत राहिली.

"म्या धाडलं पाण्याला," ती म्हणाली. "घागर घिऊन. मोळी बांधायची राह्यली व्हती, मला उठणं व्हईना. तिनं पान शनिवारीच बघितलं. लई डाव बघितलं, धाकट्यालाबी दाखविलं. पण विहीर तिला रोजचीच व्हती. म्याच धाडायची रोज." मग म्हणाली, "हे मालकाला ठाव न्हाई. त्ये म्हनले सरांच्या चित्रानं गेली. म्या म्हनू दिलं."

म्हनू दिलं! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तीन महिने हा माणूस पाण्याचा घोट डोळे मिटून घेत होता, आणि हिनं म्हणू दिलं. तोंडाशी आलेलं मी बोलणारच होते. पण तिच्या बोटांकडं नजर गेली. कोयत्यानं चिरलेली बोटं पदर पिळतच होती, आणि त्यातून आता दोरे निघत होते. मी खुर्चीवर बसून घेतलं.

सर मात्र तिच्यासमोर जमिनीवर बसले आणि लहान लेकरासारखे हुंदके देऊन रडले. जीवनबाई रडली नाही. त्यांचं होईपर्यंत थांबली.

"म्या दुसऱ्याच कामाला आले," ती म्हणाली. "कशी सुटायची त्ये तिनं मला सांगून ठिवलं व्हतं. तुमाला फोन लावायचाच राह्यला."

सरांनी तोंड पुसलं. "काय म्हणाली?"

"म्हनली, म्या आईला हाक मारते. आई दोर सोडती अन् मला वर वडती."

सर उठले, कपाट उघडलं आणि कोरी कार्डशीट काढली. कित्येक महिन्यांनी मी त्यांच्या हातात पेन्सिल बघितली. दोन रेघा ओढल्या, खोडल्या. म्हणाले, "मला ओढणारे हात बघायला पाहिजेत." मनानं हात काढायची त्यांची पद्धत नाही, समोर माणूस लागतं. खेळाच्या पेटीतला रस्सीखेचीचा दोर मी आणून दिला. जीवनबाईनं धरला, पण तो नुसताच लोंबत होता.

"बाई, तुम्ही दुसरं टोक धरा," सर मला म्हणाले. "दोराला ताण आला पाहिजे."

मी धरलं. माझं वजन काही कमी नाही, मी पाय रोवून उभी राहिले. जीवनबाईनं आधी जरासा ओढला, चित्रापुरता. मग ती खरंच ओढायला लागली. दात आवळून, मागं रेलून, एकेक हात मागं घेत. माझ्या तळहाताची साल निघायला आली, चपला फरशीवरून घसरत गेल्या. "सोडू नका," असं ती म्हणत होती. मला म्हणत होती का आणखी कुणाला, कोण जाणे. मी नाही सोडला. ओढत ओढत तिनं मला स्वतःपाशी आणलं आणि माझ्या दोन्ही दंडांना घट्ट धरून उभी राहिली. तेव्हा कुठं तिच्या घशातून आवाज फुटला. तसा आवाज मी आयुष्यात ऐकला नव्हता, आणि परत ऐकायची इच्छाही नाही.

सर थांबले नाहीत. डोळे गळत होते आणि पेन्सिल चालत होती. पान पुरं झालं तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. विहिरीच्या काठावर जाई बसलेली, केसांतून पाणी निथळतंय, आणि तिच्या हाताला धरलेले ते चिरलेले हात. सरांनी पान जीवनबाईपुढं धरलं.

तिनं डोळे पुसून बघितलं. बोट, कागदाला न लावता, लेकीच्या तोंडावरून फिरवलं.

"वल्लीच हाय की ती अजून," जीवनबाई म्हणाली. "थंडी वाजत आसंल. पांघरा कायतरी."

सरांनी पेन्सिल पुन्हा उचलली आणि मान खाली घालून गोधडी काढायला लागले. ती शेजारी बसून सांगत राहिली, मानेपाशी घ्या, आणखी जरा मानेपाशी.