भुऱ्याचा चार्ज

फौजेतून घरी आलो तेव्हा वाटलं होतं, पोस्टिंग संपली. कसली संपते! दिवाळी झाली की आमच्या पाड्यावरचे लोक बोचकी बांधून वीटभट्ट्यांवर जातात, ते शिमग्यालाच परततात. मला पेन्शन आहे म्हणून मी जात नाही, आणि मी जात नाही म्हणून सगळ्यांची जनावरं माझ्या गळ्यात. "तुला काय काम हाय, फौजीदादा?" असं म्हणत एकेक जण दोरी हातात देतो आणि टेम्पोत चढतो.

मी ड्रायव्हर होतो असं सांगितलं की खोडाळ्याच्या बाजारात लोकांना ट्रक दिसतो. आमच्या ॲनिमल ट्रान्सपोर्टमध्ये ड्रायव्हर म्हणजे खेचर हाकणारा. पहाडात रेशन आणि रॉकेल खेचरांच्या पाठीवर लादून वरच्या पोस्टला पोचवायचं, हे आमचं काम. सगळी नोकरी जनावरांच्या मिनतवाऱ्या करण्यात गेली. आता पेन्शनही त्यातच चालली आहे.

यंदाच्या चार्जमध्ये, म्हणजे माझ्या ताब्यात, एक शेळी आहे, तिला स्वतःच्या बादलीखेरीज दुसरीकडचं पाणी चालत नाही. एक कोंबडी माझ्या लोखंडी ट्रंकेमागे अंडी घालते आणि मी ट्रंक उघडायला गेलो की माझ्याच अंगावर येते. सकाळी उठून झाडलोट, पाणी, चारा, मग सगळी जागेवर आहेत का ते बघणं. गुडघे बोलतात, कंटाळा येतो, पण हे सकाळचं फॉल-इन, ही हजेरी, चुकवता येत नाही.

शेजारच्या जानीचा कुत्रा भुऱ्या मात्र मला भारी पडला. कोणी बोचकं बांधायला घेतलं की तो थरथरायला लागतो आणि जाऊन त्या बोचक्यावरच बसतो. निघायच्या दिवशी जानीच्या नवऱ्यानं, लहानूनं, त्याला ओढून खाली काढला. टेम्पो गेला तसा भुऱ्या जानीच्या कुलूप लावलेल्या दारात आडवा झाला आणि त्यानं खाणं सोडलं. भात दिला, भातात सुकट घातली. त्यानं वासही घेतला नाही. बरगड्या दिसायला लागल्या. असाच राहिला तर शिमग्याला जानीला मी काय दाखवणार होतो?

अशी एक उपाशी राहणारी मी आधी पाहिली होती. राणी नावाची खेचर. कागदावर तिला नुसता नंबर होता, राणी हे नाव लान्स नायक भरतनं ठेवलेलं. भरत माझा जोडीदार. तो रोज तिच्या शेजारी बसून जेवायचा, पहिला तुकडा तिला द्यायचा, तेव्हा कुठे ती चंदीच्या तोबऱ्यात तोंड घालायची. त्या हिवाळ्यात भरत राणीला घेऊन खालच्या कॅम्पवर होता आणि मी वरच्या पोस्टवर. संध्याकाळी रेडिओवर रिपोर्ट झाला की तो शेवटी एक प्रश्न घुसडायचाच.

"राणी जेवली. तू जेवलास का? ओव्हर."

"जेवलो. ओव्हर."

"सेटवर फालतू बोलणं बंद. ओव्हर," असं सिग्नलवाला ओरडायचा.

एका संध्याकाळी हवा फार बिघडली. भरतचा प्रश्न आला, माझं उत्तर गेलं नाही. मी पुन्हा पुन्हा बोललो, पलीकडे फक्त खरखर. दुसऱ्या दिवशी वर येताना त्याच्यावर बर्फाचा कडा सुटला. राणी मागे होती, ती वाचली. भरतला आम्ही खणून काढला, तोवर तो गेला होता.

राणीनं तोंड मिटलं. सुभेदार म्हणाले, "तिला खायला घाल. ऑर्डर आहे." मी तिच्याजवळ बसून माझी रोटी खाल्ली, तेव्हा तिनं तोबऱ्यात तोंड घातलं. मग रोज तसंच. बदली झाली त्या दिवशी तिची दोरी दुसऱ्याच्या हातात दिली आणि मागे न बघता उतरलो. फार जड गेलं. तेव्हाच ठरवलं, जनावराजवळ बसून जेवायचं नाही. चारा टाकायचा आणि वळायचं. भुऱ्याच्या बाबतीतही मी तेच करत होतो.

शेवटी लहानूच्या मोबाइलवर फोन लावायचं ठरवलं. पाड्यावर रेंज नाही, म्हणून भुऱ्याला दोरीनं बांधून टेकाडावर नेलं. जानीचा आवाज आला, "भुऱ्या, खा रं बाला, खा." भुऱ्यानं कान टवकारले. फोनच्या मागे बघितलं, माझ्या मागे बघितलं. मग असा हिसका दिला की दोरी माझ्या हातातून गेली आणि तो टेम्पोच्या रस्त्यानं सुटला.

जानीला फोनवर 'भुऱ्या सुटला' एवढंच सांगून मी हाका मारत मागे निघालो. त्या रस्त्यावर जीपा आणि खडीचे डंपर कसे येतात ते मला माहीत आहे. प्रत्येक वळणावर आधी रस्त्यावर नजर टाकायची, मग पुढे जायचं. समोरून येणारी जीप थांबवून विचारलं.

"भुरा कुत्रा ना?" ड्रायव्हर म्हणाला. "घाटात बसलाय. लंगडतो."

तो कठड्याशी बसला होता, पंजे सोललेले, जीभ बाहेर. पुढे जायची ताकद नव्हती आणि मागे फिरायची तयारी नव्हती. मी त्याच्या शेजारी टेकलो. माझ्यातही उठायचं त्राण राहिलं नव्हतं. सकाळपासून पोटात काही नव्हतं, म्हणून खिशात कागदात गुंडाळलेली नागलीची भाकरी काढली आणि खायला लागलो. मनात कसलीही युक्ती नव्हती, भूक लागली होती. भुऱ्या माझ्या तोंडाकडे बघत राहिला. मी तुकडा मोडून त्याच्यापुढे ठेवला. त्यानं तो उचलला. मग दुसरा. माझे डोळे भरून आले, आणि घाटात बघायला कोणी नव्हतं ते बरं झालं.

फोन वाजला. जानी होती, रडवेली.

"फौजीदादा, गावला का भुऱ्या?"

"गावला. आता भाकर खाल्ली त्यानं."

"अन् तू? तू जेवलास का?"

"जेवलो," मी म्हणालो. "ओव्हर."

"काय बोललास?"

मी भाकरीचा उरलेला तुकडा भुऱ्यापुढे ठेवला. भरतला हे उत्तर द्यायचं राहिलं होतं.