गाय व्यायली, नवरा आडवा झाला

बाई सलूनमध्ये केस कापायच्या आणि त्यांचा नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. दोघांच्याही घराण्यात गुरं पाळण्याचा गुन्हा आजवर कुणी केलेला नव्हता. तरी पन्नाशीला टेकल्यावर त्यांनी शहराबाहेर दगडगोट्यांनी भरलेली जमीन घेतली आणि तिथं चार गायी आणून बांधल्या.

"लोक या वयात गुडघे बदलून घेतात, वहिनी. तुम्ही धंदा बदलताय!" नणंद म्हणाली.

मालक कोण, हे गायींना पहिल्याच आठवड्यात कळलं: त्या स्वतः. नवरा त्यांना लिफ्टसारखं वागवायचा. बिघाड वाटला की पोटाला कान लावून आवाज ऐकायचा आणि लाथ खाऊन परत यायचा.

बाईंना मात्र नुसता गोठा नको होता. खुर्चीत बसून लोक त्यांना काय काय सांगत! निम्मं गाव एकटेपणानं कंटाळलंय, हे त्यांना तिथंच कळलं होतं. जिथं कुणीही यावं, कामाला हात लावावा, दूध घेऊन जावं, अशी जागा त्यांना करायची होती. म्हणून सलूनच्या आरशावर त्यांनी चिठ्ठी डकवली: रविवारी शेत बघायला या.

आले तिघं. एक निवृत्त न्यायाधीश, पांढरी पँट घालून. एक जिमवाला. आणि नणंद, फजिती बघायला.

तांबड्या गाईनं नेमका तोच मुहूर्त धरला. कळा सुरू झाल्या, पण वासरू पुढं सरकेना. जनावरांचा डॉक्टर दुसरीकडं अडकला होता. बाईंनी फोन स्पीकरवर टाकला.

"पुढचे पाय दिसतायत? नाक?" डॉक्टरनं विचारलं.

"दिसतंय सगळं."

"मग दोरी बांधा. कळ आली की ओढा, थांबली की थांबा."

हे ऐकूनच नवरा चाऱ्याच्या ढिगावर आडवा झाला. बाईंनी त्याला ओलांडलं आणि दोरीचं टोक न्यायाधीशांपुढं धरलं.

"मला काहीच अनुभव नाही हो," ते पुटपुटले.

"मला तरी कुठं आहे? धरा!"

जिमवाल्यानं जोशात हिसका दिला, तशा बाई कडाडल्या, "अहो, वजन उचलताय का? कळ येऊ द्या की!"

मग सगळे गाईच्या तालावर ओढू लागले. वासरू सुळकन बाहेर आलं आणि न्यायाधीश मागच्या मागं शेणात बसले. कुणी हसलं नाही, कारण वासरू हलत नव्हतं. बाईंनी त्याचं नाक-तोंड पुसलं, टॉवेलनं अंग खसाखसा चोळलं.

"नाकात काडी घाला," फोन म्हणाला.

काडी नणंदेनं घातली. वासरू तिच्या तोंडावर सणसणीत शिंकलं. ती ढसाढसा रडली आणि वर म्हणाली, डोळ्यांत भुसा गेला.

पुढच्या रविवारी तिघंही हजर. न्यायाधीश रबरी बूट घालून, "आमचं वासरू कसं आहे?" विचारत. जिमवाल्यानं कुंपणाचे खांब रोवले. हळूहळू त्यांचे शेजारी, शेजाऱ्यांची पोरं येऊ लागली. कुणी भाजी लावली, कुणी नुसतंच बसून सल्ले दिले. नणंद तर किल्ल्या कमरेला लावून फिरू लागली. शुद्धीवर आलेल्या नवऱ्याला तिनंच गोठा झाडायच्या कामावर नेमलं.

एका रविवारी अंधार पडला तरी कुणी हलेना. नवरा झाडू टेकवून बाईंजवळ आला.

"लोक यावेत असं तुलाच वाटत होतं ना?"

"हो," बाई म्हणाल्या, "पण ते परत कसे जातात, हे विचारायचं राहिलं."